लातूरचं ॲप्ट, नांदेडचं यम

१७ जून २०११, शुक्रवार. सकाळी दहा वाजता मी लॅबमधल्या चौदाव्या यंत्राचं झाकण काढून ब्लोअरने धूळ उडवत होते. दहावीच्या निकालाचे दिवस आले की लातूरच्या आमच्या क्लासमध्ये पाय ठेवायला जागा उरत नाही. त्याआधी चाळीसही यंत्रं आतून साफ करायची, हा माझा दरवर्षीचा नेम. तोंडाला रुमाल बांधलेला, केसांत धूळ, आणि दारात क्लासचे संचालक उभे.

"मॅडम, ते बंद करा जरा."

मी ब्लोअर बंद केला.

"दोन गावं, दोन लॅब, दोन सिस्टिम. असं किती दिवस चालायचं?"

"चालतंय की, सर."

"चालतंय म्हणून चालवायचं नसतं. परीक्षा झाली की दोन्हीकडं एकच सिस्टिम करून टाकू. लातूरची चांगली का नांदेडची, ते तपासा आणि नोट लिहा. दोन पानं. सोमवारी अकराला." मग चष्मा पुसत म्हणाले, "एकच सिस्टिम झाली की सांभाळायला माणूसही एकच लागंल. दोन्ही लॅबचा प्रमुख. नोट तुम्हालाच लिहायला सांगून राहिलो, यातच काय ते समजून घ्या."

ते गेले. मी ब्लोअर पुन्हा सुरू केला आणि दोन मिनिटांनी बंद केला. समजून घ्यायला फारसं काही नव्हतं. मी आणि नांदेडची लॅब सांभाळणारे सर, या दोघांतल्या एकाची नोकरी जाणार होती, आणि कोणाची ते मी दोन पानांत लिहून द्यायचं होतं. झाकण तसंच टेबलावर ठेवून मी व्हरांड्यात चार फेऱ्या मारल्या.

ज्यांनी लिनक्स कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. त्यात सॉफ्टवेअर दुकानातून विकत आणून घालावं लागत नाही. इंटरनेटवर मोठमोठी कोठारं असतात आणि यंत्रात बसलेला पॅकेज मॅनेजर हा त्या कोठाराचा कारकून. तुम्ही म्हणायचं, अमुक पाहिजे. तो यादी बघतो, त्या अमुकला चालायला आणखी काय काय लागतं ते शोधतो, सगळं आणतो आणि जागच्या जागी लावतो. लिनक्सची घराणी वेगळी, तसे कारकूनही वेगळे. लातूरला आमच्याकडे डेबियन होतं, त्याचा कारकून ॲप्ट. नांदेडला फेडोरा, त्याचा कारकून यम. लातूरची लॅब उभी राहिली तेव्हा मला जी सीडी मिळाली ती डेबियनची होती, आणि नांदेडचे सर जिथे शिकले तिथे फेडोरा होतं. याहून मोठं कारण नव्हतं. पुढे मात्र आम्ही दोघं आपापल्या कारकुनाचा असा अभिमान बाळगायला लागलो की जणू पोटचाच.

कारकून नसेल तर काय होतं तेही मला माहीत होतं. पहिल्या वर्षी लॅबला इंटरनेट नव्हतं. कागदावर पॅकेजचं नाव लिहून मी चौकातल्या सायबर कॅफेत जायची, उतरवून आणायची आणि लावायला घेतलं की यंत्र म्हणायचं, याच्याआधी ते पाहिजे. ते आणलं की त्याला तिसरं पाहिजे. पाचव्या खेपेला कॅफेवाला म्हणाला, "मावशी, सगळी यादी एकदाच का आणून नाही राहिलात?" मी म्हटलं, "यादी शेवटी कळते, बाबा."

शनिवारी सकाळी सहाची एसटी धरून नांदेडला गेले. पाठीवरच्या पिशवीत हार्ड डिस्क. माझ्या कोठारातली सगळी पॅकेजेस मी त्यात भरून घेतली होती, कारण ब्रॉडबँडच्या भरवशावर परीक्षा घेण्याइतकी मी भोळी नव्हते.

नांदेडचे सर मूळचे देगलूरचे. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, मला ताई म्हणायचे. बोलता बोलता "सरे, सरे" म्हणायचे, म्हणजे तेलुगूत ठीक आहे, ठीक आहे. चार वर्षं आम्ही फोनवर एकमेकांची खोडी काढत आलो होतो. त्यांचं काही डाउनलोड होत असलं की मी विचारायची, "निघाला का तुमचा यम रेड्यावर बसून?" ते म्हणायचे, "येतो हळू, पण घेतल्याशिवाय जात न्हाई, ताई."

संचालकांनी त्यांना फक्त एवढंच सांगितलं होतं, की मॅडम तुलना करायला येतील. मी चप्पल काढायच्या आधीच बाकीचं सांगून टाकलं. माणूस एकच ठेवणार आहेत, नोट मी लिहिणार आहे.

त्यांनी माझी पिशवी घेऊन खुर्चीवर ठेवली.

"हाव का," म्हणाले. "मग चहा आधी घेऊ. नंतर तुम्हाला पाजायची इच्छा ऱ्हाईल का न्हाई, काय सांगावं."

त्यांच्या टेबलावर वह्या-पुस्तकांना घालायच्या खाकी कागदाचं भेंडोळं होतं, नवंकोरं. थोरल्या मुलीला त्यांनी याच महिन्यात नांदेडच्या शाळेत आठवीत घातलं होतं, देगलूर सोडून दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. हे मला आधीच माहीत होतं. भेंडोळं नसतं दिसलं तर बरं झालं असतं.

चहा झाल्यावर आम्ही सारखी दोन यंत्रं काढली आणि दोन्ही पार रिकामी केली. मूळ सिस्टिम घातली आणि यादी भिंतीला चिकटवली. ब्राउझर, लिहिण्याचं आणि हिशेबतक्त्याचं सॉफ्टवेअर, पीडीएफ वाचायचं, मराठीची सोय, आणि पुढच्या रविवारच्या परीक्षेला लागणारं सगळं. ही परीक्षा विशेष बॅचच्या निवडीची. दोन्ही गावांत, पहिल्यांदाच संगणकावर. प्रश्न ब्राउझरमध्ये दिसणार, मुलांनी तिथेच उत्तरावर टिचकी मारायची. इंग्रजी आणि मराठी, दोन्ही माध्यमांचे पेपर. त्यांनीही त्यांच्या कोठाराची नक्कल डिस्कवर काढून ठेवलेली होती, म्हणजे सामना बरोबरीचा.

घड्याळ लावलं. माझं ॲप्ट सुसाट निघालं. त्यांच्या यमने आधी सगळ्या याद्या वाचायला घेतल्या आणि वाचतच बसला.

"झोपला का?"

"विचार करून राहिला, ताई. आमच्याकडं विचार करून आणतात."

पंचवीस मिनिटांत माझं निम्म्याहून जास्त झालं होतं. तेवढ्यात लाइट गेली. माझं यंत्र त्यांच्या चांगल्या बॅटरीवर होतं ते तगलं. त्यांचं मात्र मधेच बंद पडलं. मला वाटलं, संपलं. लाइट आल्यावर त्यांनी शांतपणे यंत्र चालू केलं, अर्धवट राहिलेलं काम पुढे चालवायची आज्ञा दिली आणि यमने जिथे सोडलं होतं तिथून उचललं. मग ते म्हणाले, "आता गंमत बघा." त्यांनी इतिहास काढला. आजवर त्या यंत्रात काय आलं, कधी आलं, काय गेलं, सगळं क्रमाने. त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "समजा ह्ये नको होतं. उलटं फिरवायचं." एक आज्ञा दिली आणि त्या वेळी आलेलं सगळं परत गेलं. पुन्हा एक आज्ञा दिली, सगळं परत आलं.

माझ्याकडे असं उलटं फिरवणं नव्हतं. माझ्याकडे वही होती. काय घातलं ते लिहून ठेवायचं, आणि बिघडलं की वही बघून एकेक काढायचं. खुर्चीवरून उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले.

तरी माझं आधी झालं. चाळीस मिनिटं. त्यांना त्यानंतर बराच वेळ लागला, लाइटचा वेळ वजा केला तरी दुपटीच्या वर. जागाही माझ्या यंत्रात कमी गेली होती. मी आकडे कागदावर लिहिले. हात जरा जोरातच चालला असावा, कारण ते म्हणाले, "ताई, तुमचं इतकं पटकन झालं तरी कसं?"

"सवय," मी म्हटलं.

तेवढ्यात उमरीहून येणारी एक मुलगी प्रवेशाचा अर्ज द्यायला आली. दहावी मराठी माध्यमातून झालेली, विशेष बॅचच्या परीक्षेला बसणारी. सरांनी तिला थांबवलं. "बस गं जरा. दहा प्रश्न सोडवून दाखव. आधी मॅडमच्या मशीनवर."

तिने पाणी पिऊन तोंड पुसलं, माझ्या यंत्रासमोर बसली. मराठी पेपर उघडला. बराच वेळ नुसतं बघत राहिली. मला वाटलं प्रश्न अवघड असेल.

"मॅडम, प्रश्न कुठं हाय?" तिने विचारलं. "इथं तर निस्ते डबे हायेत."

मी वाकून बघितलं. पडद्यावर ओळीने चौकोनी डबे. एक अक्षर नाही. खाली चार पर्याय, तेही डबे.

सर भिंतीवरच्या यादीकडे बघत उभे होते.

"फॉन्ट राहिला," मी म्हटलं आणि घालायला बसले. दोन मिनिटांचं काम होतं. पण मुलीला तेवढा धीर कुठला? ती उठून शेजारच्या यंत्रावर गेली, तिथे पेपर उघडला, आणि माझा फॉन्ट बसेपर्यंत तिचे सहा प्रश्न झाले होते. दहा झाल्यावर उठली.

"सर, परीक्षेला आम्हाला कोणतं मशीन येईल?"

"तुम्हाला हेच," सर म्हणाले. "तुम्ही नांदेडचे."

ती गेली. मी पाणी प्यायला बाहेर गेले आणि माठापाशी उभी राहून मनात मागे मागे गेले. फॉन्ट राहिला नव्हता. मी तो येऊच दिला नव्हता.

ॲप्टच्या यादीत सोबतच्या वस्तूंचे प्रकार असतात. काही अशा की त्यांच्यावाचून चालणारच नाही. त्या तो आणतोच. काही अशा की सोबत असलेल्या बऱ्या. त्याही तो एरवी आपणहून आणतो. पण सेटिंगच्या फाईलमध्ये एक ओळ घालून त्याला सांगता येतं की शिफारशीच्या वस्तू आणू नकोस, फक्त अडेल तेवढंच आण. ती ओळ मी दोन वर्षांपूर्वी घातली होती. डिस्क लहान, इंटरनेट मंद, आणि न मागितलेलं घरात घ्यायचं नाही हा माझा स्वभाव. माझ्या डिस्कवर मूळ सिस्टिम होती तीही त्या ओळीसकटच. मराठीचा फॉन्ट या "सोबत असलेल्या बऱ्या"मध्ये होता. यमकडे असा मधला प्रकारच नव्हता. सरांनी मराठीचा गठ्ठा मागितला, त्याने सगळा गठ्ठा आणून टाकला. म्हणून त्याला वेळ लागला. माझे चाळीस मिनिटांचे आकडे सामान कमी आणल्याचे होते.

आणि लातूरला चाळीस यंत्रं तशीच. आजवर कळलं नाही, कारण आमचे सराव पेपर पीडीएफमध्ये असत, त्यात अक्षरं आतच बसवलेली. मराठी टायपिंग आम्ही जुन्या फॉन्टवर करायचो, तो मी हाताने कॉपी केलेला. ब्राउझरमध्ये मराठी वाचायची वेळ पुढच्या रविवारी पहिल्यांदा येणार होती.

सरांना मी काही सांगितलं नाही. चारची गाडी आहे म्हटलं आणि निघाले.

एसटीत खिडकीची जागा मिळाली, तरी मी दोनदा जागा बदलली. अहमदपूरला गाडी दहा मिनिटं थांबते. मी उतरले आणि स्टँडभर चालत राहिले. चहा घेतला, अर्धा टाकला. कंडक्टर ओरडला, "ओ बाई, पायीच जायचंय का लातूरला?"

चाकूरच्या अलीकडे मला स्टोव्ह आठवला.

भूकंपाच्या वर्षी मी बाविशीत होते, बी.एस्सी. झालेली, घरी बसलेली. किल्लारीच्या बाजूला मदतीच्या सामानाचं एक कोठार होतं, पत्र्याचं. तिथे नोंदी करायला मी काही महिने गेले. ट्रक यायचे, त्यात जे असेल ते असायचं. मला त्या दिवसांतलं नेहमी आठवायचं ते जुन्या कपड्यांचं. कोणी मागितले नव्हते, ढिगाने आले, रस्त्याकडेला पडून मातीत गेले. न मागितलेलं घ्यायचं नाही हे मी तिथे शिकले, असं मी स्वतःला आणि दुसऱ्यांना कितीदा सांगितलं असेल. क्लासमध्ये नव्या पोरींनाही सांगायची.

स्टोव्हची गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. माझ्या यादीत लिहिलेलं होतं, कुटुंबाला एक स्टोव्ह. एका बाईंना मी स्टोव्ह दिला, अंगठा घेतला, पुढचं नाव पुकारलं. पाच-सहा दिवसांनी त्या बाई तोच स्टोव्ह घेऊन परत आल्या. जीपमध्ये मांडीवर धरून आणलेला. बर्नरचं भोक काजळीने बुजलेलं. माझ्यासमोर टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "ह्ये घ्या माघारी, बाई. निस्ता संभाळायलाच दिला व्हय?"

स्टोव्हचं भोक साफ करायला पिन लागते. ती नसली तरी स्टोव्ह पेटतो, दोन दिवस, चार दिवस. पिनांचं खोकं वेगळ्या ट्रकने आलं होतं, त्याची नोंद दुसऱ्या पानावर होती आणि खोकं माझ्या खुर्चीच्या मागे होतं. मी त्यावर पाय टेकून बसायची. मागितली असती तर दिली असती, असं मी त्यांना म्हणालेही. त्या म्हणाल्या, "मला काय ठावं तुमच्याकडं हाय म्हून?"

पिन दिली. त्या गेल्या. त्यानंतर मी प्रत्येक स्टोव्हबरोबर पिन दिली आणि पुढे ही गोष्ट साफ विसरून गेले. कपड्यांचा ढीग लक्षात राहिला, कारण त्यात चूक दुसऱ्यांची होती.

रविवारी सकाळी लॅबमध्ये जाऊन बसले. शेवटचं यंत्र पार रिकामं केलं, मूळ सिस्टिम घालून ती ओळ काढली आणि बाकी सगळं पुन्हा घातलं. या वेळी नांदेडच्या यमपेक्षा थोडाच वेळ कमी लागला. जागा जवळपास तेवढीच. मग उरलेल्या यंत्रांवर एकेक करून मराठी पेपर उघडला. डबे, डबे, डबे. दहाव्यानंतर न बघितलं तरी चाललं असतं, तरी मी सगळी बघितली.

घरी आले तर बसवेना. आमचे यजमान शाळेत गणित शिकवतात, रविवारी वर्तमानपत्र पुरवून पुरवून वाचतात. त्यांनी कागदाच्या वरून बघितलं.

"बस की जरा. फरशी झिजून राहिली."

मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मग त्यात काय? चाळीस ठिकाणी फॉन्ट टाकून दे उद्या. नोटमध्ये कशाला लिहायचं? परीक्षा नीट झाली की विषय संपला."

"मी वेळेचे आकडे लिहिणार. ते खोटे ठरतात."

"आजचे लिही."

"आजचे लिहिले तर माझ्याकडं जास्तीचं काही उरतच नाही."

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "मग नांदेडच्या माणसाला विचार. त्याच्या पोटावर पाय येतोय, त्याला कळू दे."

फोन लावला. सर म्हणाले, "बोला ताई."

मी ओळ सांगितली, फॉन्ट सांगितला, आकडे कसे आले ते सांगितलं. पलीकडून हसण्याचा आवाज आला.

"मला कालच दिसलं होतं."

"काय?"

"तुम्ही पाणी प्यायला गेलात तेव्हा मी फाईल उघडून बघितली. ओळ समोरच होती."

"मग बोलला का नाहीत?"

"नोट तुम्ही लिहिणार. मी बोललो असतो तर भांडण झालं असतं. म्हटलं, बघू तर ताई काय लिहितात."

"परीक्षा घेत होता माझी?"

"तुम्ही माझी घ्यायला आला होता की," ते म्हणाले. "सरे, सरे. आता जे लिहायचं ते लिहा."

मला राग आला. अर्धा तास राग होता. मग तो गेला आणि मी लिहायला बसले.

दोन पानांत बसवलं. ॲप्टचं कोठार मोठं आहे, काम हलकं आहे. यम मधेच लाइट गेली तरी सावरतं, त्याला इतिहास आहे, केलेलं उलटं फिरवता येतं, आणि नवी आवृत्ती आणताना ते आख्खं पॅकेज न आणता फक्त बदललेला भाग आणू शकतं. आपल्या ब्रॉडबँडला हे फार सोयीचं आहे. वेळेत आणि जागेत फरक नाही. शनिवारी फरक दिसला तो लातूरच्या सेटिंगमुळे. ते सेटिंग मी केलेलं आहे आणि त्यामुळे लातूरच्या एकोणचाळीस यंत्रांवर आज मराठी पेपर वाचता येत नाही. परीक्षेच्या आत ते दुरुस्त करते. शेवटी लिहिलं : सिस्टिम बदलून फायदा नाही. दोन्ही लॅब आहेत तशा, आहेत त्या माणसांकडे राहू द्याव्यात.

सोमवारी अकराला संचालकांनी नोट वाचली. एकदा भराभर, एकदा बोट फिरवत.

"म्हणजे चूक तुमची."

"माझी."

"आणि त्यांच्याकडं पहिल्यापासून बरोबर."

"या बाबतीत, हो."

"पेपरच्या दिवशी हे झालं असतं तर पालकांनी खुर्च्या मोडल्या असत्या, मॅडम."

"हो."

ते मागे टेकून बसले. मला वाटलं, आपली गेली. मनात मी कपाटाच्या किल्ल्या कोणाकडे द्यायच्या इथपर्यंत पोचले होते.

"मग असं करू," ते म्हणाले. "सिस्टिम त्यांची घेऊ. माणूस तुम्ही. इतकं लिहून देणारा माणूस मला लातूरलाच पाहिजे. पंधरा दिवसांत त्यांच्याकडून सगळं शिकून घ्या, मग त्यांना मोकळं करू."

हा हिशेब माझ्या डोक्यात आलाच नव्हता. खरं लिहिलं की एकतर मी जाईन नाहीतर दोघं राहू, एवढंच मी धरून चालले होते.

"जमणार नाही, सर."

"काय जमणार नाही?"

"शिकणं. ते फार वेगळं आहे. वर्ष लागेल."

हे खोटं होतं. शनिवारी दुपारीच मला निम्मं यम यायला लागलं होतं. नोटमध्ये खरं लिहिलं आणि तोंडाने खोटं बोलले. उलटं झालं असतं तर खोटं कागदावर राहिलं असतं, एवढाच फरक.

"वर्ष? तुम्हाला?"

"चाळिशी झाली, सर. नवीन चटकन डोक्यात शिरत नाही."

"मग त्यांनाच इकडं बोलावतो."

"बोलवा. पण मुलीचं नाव त्यांनी याच महिन्यात नांदेडच्या शाळेत घातलंय. ते येणार नाहीत, दुसरा क्लास धरतील. नांदेडला क्लासला तोटा नाही. आणि पेपर रविवारी आहे."

त्यांनी नोटचं दुसरं पान पुन्हा उलटलं. मी उभीच होते. खुर्ची होती, पण बसले नव्हते.

"दोन माणसं ठेवायची तर दोन माणसांचं काम दिसलं पाहिजे," ते म्हणाले. "नुसती यंत्रं पुसून भागणार नाही. सकाळी सातची टायपिंगची बॅच रिकामी आहे. घ्याल?"

"घेईन."

"आणि त्यांनी तिकडं प्रवेशाचे ऑनलाइन अर्ज भरून द्यायचे, सगळे. प्रमुख-बिमुख काही नाही मग. दोघंही होता तिथंच."

"चालेल. इथं लिहून द्या."

"कशावर?"

"नोटवरच. दोन्ही लॅब आहेत तशा. खाली सही."

"तुमचा माझ्यावर विश्वास नाही का, मॅडम?"

"मी नोंदीच्या कामातली आहे, सर."

त्यांनी नाक उडवलं, पण लिहिलं आणि सही केली. मी बाहेर येऊन झेरॉक्स काढली आणि नांदेडला फोन लावून झालेलं सगळं सांगितलं.

"अर्ज भरायचे?" सर म्हणाले. "सगळे? अहो ताई, हजारभर पोरं असतात. यापेक्षा काढून टाकलं असतं तर बरं झालं असतं."

"सांगू का जाऊन तसं?"

"न्हाई न्हाई. सरे, सरे." मग म्हणाले, "त्या उलट्या फिरवायच्या आज्ञा मेल करून ठेवू का? शिकायला वर्ष लागणार म्हणता तर सुरुवात तरी करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला टायपिंगची बॅच घेतली. अकरा जण आले, त्यातले चार जांभया देत. आठला ते गेल्यावर पहिल्या यंत्रावर बसले, सेटिंगची फाईल उघडली, ती ओळ काढली, फॉन्ट आणवला, मराठी पेपर उघडला आणि पहिला प्रश्न शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्याने वाचला. मग दुसऱ्या यंत्रावर गेले. चौदाव्यापाशी आले तर त्याचं झाकण शुक्रवारपासून टेबलावरच होतं. आत पुन्हा धूळ बसली होती. ब्लोअर मारला, झाकण लावलं. एक स्क्रू सापडला नाही, तिनावरच बसवलं, आणि पंधराव्याकडे वळले.